वसंताचा पंचनामा

कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतूंना सहा सर्ग वाटून देताना ग्रीष्माला पहिला आणि वसंताला अगदी शेवटचा सर्ग दिला, आणि त्या दोघांच्या मध्ये वर्षा, शरद, हेमंत व शिशिर अशी चार भारदस्त मंडळी बसवली, यावरून एवढे निश्चित होते की, महाकवीचा आणि बीड जिल्ह्यातील तेलगावचा प्रत्यक्ष संबंध कधी आला नसावा. तेलगावात हे दोन्ही ऋतू एकाच एस.टी.तून उतरतात, आणि उतरल्यावर कोणते गाठोडे कोणाचे याबद्दल त्यांच्यात जी हुज्जत जुंपते, ती मृगाचा पहिला पाऊस मध्ये पडेपर्यंत मिटत नाही. पहाटे अंगणातल्या मोगऱ्यावरून वाऱ्याची एखादी झुळूक येते, कडुलिंबाच्या शेंड्यावर कोकीळ गळा साफ करू लागतो, तोवर वसंताचा अंमल असतो. चहाचे दुसरे आधण उतरेपर्यंत पत्रे तापू लागतात, आणि अंमल बदलतो.

या बाबतीत निजाम सरकारचे पंचांग अधिक व्यवहारी होते, असे आमचे नम्र मत आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडत होता, आणि संस्थानच्या दफ्तरांत फसली सन चालत असे. त्याचे महिने आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे. खुद्द इराणात फरवर्दीन हा नवरोजाचा, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धात सुरू होणारा, वसंताचा पहिला महिना. परंतु हैदराबादेत साल ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे हा फरवर्दी महिना सरकत सरकत फेब्रुवारीत येऊन पडे. याला कोणी दफ्तरी घोटाळा म्हणेल. पण तेलगावच्या परसात उभे राहून जो कोणी शेवग्याच्या फुलांचा सडा पाहील, त्याला ताबडतोब मान्य करावे लागेल की येथला वसंत फेब्रुवारीतच हजर होतो, आणि चैत्री पाडव्याला आपण गुढी उभारून ज्याचे स्वागत करतो तो बिचारा तोपर्यंत निरोपाच्या तयारीला लागलेला असतो.

तेलगाव हे धारूर तालुक्यातील चौरस्त्याचे गाव. बीडहून परळीकडे आणि माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते येथे एकमेकांना छेदतात. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना येथेच असल्यामुळे हिवाळाभर उसाची वाहतूक चालते, आणि माजलगावचे सिंदफणेवरील धरणही फार दूर नाही. एवढे सगळे वैभव उशाशी असता घरामागच्या चार हात जागेत हिरवे काही उगवावे, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. पण जमीन काळी. ही काळी माती पावसाळ्यात पायातली चप्पल मागून घेते आणि माघात तिला अशा भेगा पडतात की एखादे खुरपे आत घसरले, तर ते आषाढाशिवाय परत मिळत नाही. म्हणून जाणत्या घरांतून झाडे जमिनीत कमी आणि भांड्यांत अधिक असतात: रंगाचे रिकामे डबे, तळ गेलेली घमेली, कान तुटलेला माठ, सासरहून आलेली आणि आता पाणी न धरणारी कळशी, ट्रॅक्टरचा निकामी टायर. संसारातून बडतर्फ झालेल्या प्रत्येक वस्तूची नेमणूक परसात होते. आणि तिच्यात तुळस, मोगरा, जास्वंद, सदाफुली यांपैकी जे कोणी त्या वेळी हाताशी असेल ते रुजू होते.

आमच्या शेजारी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक पेशकार राहतात. सरकारी नोकरीतून माणूस निवृत्त होतो, पण नोकरी माणसातून निवृत्त होत नाही, याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवता येईल. आसपासच्या परसांतील झाडझाडोऱ्याची त्यांनी एक वही ठेवली असून, मराठवाड्यातील जमिनीच्या तंट्यांत 1954 सालच्या खासरा पत्रकाला जे वजन आहे, तेच ते आपल्या वहीला देतात. संक्रांतीनंतर एखाद्या सकाळी, मफलर कानाला आणि हात पाठीमागे, अशा थाटात त्यांची स्वारी पाहणीला निघते. त्या दिवसांत परसाची अवकळा पाहवत नाही. खुरचाफा पार निष्पर्ण होऊन नुसती बोटे वर करून उभा असतो, मोगऱ्याच्या काड्या चुलीत घालण्याच्या लायकीच्या दिसतात, सीताफळाने पाने झाडायला काढलेली असतात, आणि बोगनवेलीला काट्यांखेरीज स्वतःचे असे काही राहिलेले नसते. पेशकारसाहेब प्रत्येकापुढे क्षणभर थांबतात, नखाने साल खरवडून पाहतात, आणि शिरस्त्याप्रमाणे शेरा उच्चारतात: “मयत.” मग पुढचे झाड. “हे बी मयत. वारस नोंद करून घ्या.”

आमच्या सौभाग्यवती हे सर्व स्वयंपाकघराच्या दारातून ऐकतात. “काका, उगं अभद्र बोलू नका सकाळच्या पारी,” असे त्या बजावतात, आणि तांदूळ धुतलेले पाणी मुद्दाम त्या मयतांपैकी एकाच्या मुळाशी नेऊन ओततात.

यानंतर फाल्गुन लागतो आणि मृतांची अपिले मंजूर होऊ लागतात. प्रथम शेवगा. तो कोणाचीच परवानगी घेत नाही. पाने पूर्ण फुटण्याची वाट न पाहता फुलांनी लदबदून जातो, आणि त्यावर मधमाश्यांची अशी गर्दी होते की खालून जाणाऱ्याला दळणाची गिरणी सुरू असल्याचा भास व्हावा. मग खुरचाफ्याच्या बोथट टोकांवर, एकही पान नसताना, पांढरी-पिवळी फुले बसतात. पाने आधी आणि फुले नंतर हा निसर्गाचा साधा क्रमसुद्धा हा वृक्ष पाळीत नाही, ही पेशकारसाहेबांची त्याच्याविरुद्ध जुनी तक्रार आहे. बोगनवेल एके दिवशी एकदम राणी रंगाची होते. मोगऱ्याच्या ज्या काडीवर ‘मयत’ हा शेरा पडला होता, तिच्याच कुशीतून तांबूस हिरवा कोंब निघतो, आणि रस्त्यापलीकडचा कडुलिंब आपली सगळी जुनी पाने एकाच आठवड्यात आमच्या अंगणात लोटून देऊन नव्या कोवळ्या पालवीत असा उभा राहतो की, झाडलोट करणाऱ्या बाईलाही त्याच्यावर रागावणे कठीण व्हावे.

आता या पुनरुज्जीवनाचे श्रेय कोणाचे, हा खरा वादाचा मुद्दा आहे. आणि घरोघरी वसंत ऋतू मुख्यतः याच वादात खर्ची पडतो. सौभाग्यवती तांदळाच्या पाण्याचा हवाला देतात. आमचे चिरंजीव, ज्यांनी दिवाळीनंतर परसात पाऊल टाकलेले नाही, ते मोबाइलवर पाहून आपण केळीच्या सालींचा अर्क घालण्याचे सुचवले होते, याची आठवण करून देतात. जो उठतो तो झाडाच्या नव्या पानाकडे पित्याच्या नजरेने पाहू लागतो. वास्तविक या प्रकरणातील सत्य सर्वांनाच अडचणीचे आहे. ते असे की, ज्या झाडांना कोणी विचारले नाही तीच फुलली, आणि दिवाणखान्याच्या खिडकीत ज्या गुलाबाला दिवसातून दोनदा पाणी व एकदा कौतुक मिळत होते, तो मुळे कुजून निवर्तला.

फळबागवाल्यांना हे रहस्य पूर्वीपासून ठाऊक आहे. लिंबू, मोसंबी, डाळिंब यांचे वर्षाला तीन बहार मानतात: पावसाच्या तोंडाशी फुलणारा मृग, पावसाच्या अखेरीस फुलणारा हस्त, आणि हिवाळा सरता सरता फुलणारा आंबे बहार, आणि यांपैकी जो धरायचा असेल त्याच्या आधी झाडाचे पाणी तोडतात, याला ‘ताण देणे’ म्हणतात. ताणावर पडलेले झाड वाढ थांबवते, काही पाने टाकते, अन्न काड्यांत साठवून ठेवते, आणि मग पाणी मिळताच नवी पालवी व फुले एकदम फेकते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, आमच्यासारख्या भारी काळ्या जमिनीत ओल टिकून राहत असल्यामुळे तो बसायला अधिक दिवस लागतात. मोगऱ्यालाही हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी करतात, तेव्हा उन्हाळ्यात तो कळ्यांनी भरतो. आणि बोगनवेलीला सदा ओले ठेवले, तर ती नुसती पानेच वाढवीत बसते. म्हणजे मार्गशीर्ष-पौषात ज्याला आम्ही घरातल्यांचा आळस म्हणून नावे ठेवली, तो शास्त्राच्या दृष्टीने ताण होता. ज्या नळाला आम्ही शिव्या घातल्या, तो नळ न येऊन आमच्या मोगऱ्याची सेवाच करीत होता. आणि आमच्या घरात जर कोणी खरा कुशल माळी असेल, तर तो विसरभोळेपणा होय.

संस्कृत कवींनी झाड फुलवण्याच्या या विषयाला दोहद नावाचे फार नाजूक वस्त्र नेसवले आहे. रूपवती स्त्रीने नूपुरयुक्त पायाने ताडन केले म्हणजे अशोक फुलतो आणि तिने मुखातील मद्याची चूळ टाकली म्हणजे बकुळ बहरतो, असा त्यांचा संकेत. आम्ही सौभाग्यवतींना हा संदर्भ ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आणि ताडनाची प्रथा झाडांपुरतीच मर्यादित होती काय, अशी पृच्छा केली.

पालवी फुटली की तिच्यावर हक्क सांगणारे येतात. त्यांत अग्रमान शेळीचा. तेलगावात कोणते झाड लावावे याचा निर्णय कृषी विद्यापीठाच्या शिफारशीपेक्षा शेळीच्या रुचीवर अधिक अवलंबून असतो. ती जास्वंद खाते, गुलाब काट्यासकट खाते, शेवग्याची फांदी तर मागच्या दोन पायांवर उभी राहून ओढते. पण सीताफळाच्या पानाला हुंगून ज्या तिरस्काराने ती तोंड फिरवते, त्या एका मुद्रेत बालाघाटच्या डोंगरात सीताफळ का टिकले याचे सगळे उत्तर आहे. बीडच्या सीताफळाला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. प्रमाणपत्रावर शेळीचे नाव नाही, हा आमच्या मते अन्याय आहे.

लिंबाच्या झाडावरचा हक्कदार निराळा. लिंबाची नवी पालवी तेलकट चकाकू लागते न लागते, तोच एका पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखा काळपट-पांढरा ठिपका दिसतो. तुम्ही तिकडे दुर्लक्ष करता, आणि तेच त्या ठिपक्याला हवे असते, कारण ती विष्ठा नसून अळी असते. थोड्याच दिवसांत कात टाकून ती हिरवीगार, गुबगुबीत होते, मानेपाशी डोळ्यांसारखी नक्षी धारण करते, आणि पानाच्या कडेवर बसून बाहेरून आत असे पद्धतशीर खात सुटते की मागे नुसती मधली शीर उरते. काडीने हलकेच डिवचावे, तर डोक्यामागून नारिंगी तांबडी दोन शिंगे झर्रकन बाहेर काढते आणि एक आंबूस, उग्र दर्प सोडते. डिवचणारा मागे सरला की शिंगे पुन्हा आत, आणि जेवण पुढे चालू. पेशकारसाहेबांनी हा प्रकार चष्मा सावरून बारकाईने पाहिला. “अतिक्रमण,” ते म्हणाले. पुढे तिचे काळे-पिवळे फुलपाखरू होते, असे आम्ही सांगितल्यावर त्यांनी विचार करून दुरुस्ती केली: “तात्पुरतं अतिक्रमण. पण नियमित होणार, बघा तुम्ही.”

याच दिवसांत चौकात रोपवाल्याचा टेम्पो उभा राहतो. त्याची रोपे आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून आलेली असतात असे तो सांगतो, आणि काळ्या पिशवीतली तांबडी माती त्याला दुजोरा देते. त्याच्या टेम्पोत मात्र माघ हा महिनाच नाही. तेथे सर्वकाळ वसंत. गुलाब हंड्याएवढा, आंबा गुडघ्याएवढ्या उंचीला कैऱ्या धरलेला, आणि प्रत्येक रोपाबद्दल एकच ग्वाही: “बारा महिने फूल, साहेब, पाणी बी लई लागत न्हाई.” घासाघीस करून, अर्ध्या किमतीला सौदा जिंकल्याच्या आनंदात माणूस घरी येतो, तांबड्या मातीचे ते रोप काळ्या मातीत बसवतो, आणि आंध्रचा पाहुणा आठ दिवसांत मान टाकतो. तरी पुढल्या वर्षी टेम्पोभोवती गर्दी तेवढीच, आणि तीत पेशकारसाहेब अग्रभागी. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर कोणाचा अर्ज कागदोपत्री पुराव्याखेरीज पुढे सरकवला नाही, ते या रोपवाल्याच्या तोंडी ग्वाहीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतात.

गावात अशीही परसे आहेत की जेथे वसंत माणसांबरोबर येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेले ऊसतोड मजुरांचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात, आणि मागे घरात म्हातारी माणसे, कुलपे व दारातली तुळस उरते. सहा महिने त्या दारांकडे पाहवत नाही. मग गळीत संपून कारखान्यांचे पट्टे पडू लागतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भांडी, बाजा, शेळ्या आणि पोरांनी भरून परततात, आणि दुसऱ्याच दिवशी अंगण सारवले जाते. एकदा आम्ही पाहिले: ट्रॉलीतून उतरलेल्या बाईने पोराला खाली ठेवले, गाठोडे खाली ठेवले, आणि मग ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन काड्या अलगद बाहेर काढल्या. कोल्हापूरकडच्या कोण्या बागाइतदाराच्या कुंपणाची जास्वंद होती ती. उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत, पोराच्या दुधाची जेथे भ्रांत, तेथे तिने ती काडी ओली कशी ठेवली असेल, हे विचारण्याचा आम्हांस धीर झाला नाही. सासूने विचारले, “ह्ये काय आणलंस गं?” ती म्हणाली, “दुहेरी हाय, आत्या. लाल.” एवढ्यावर संभाषण संपले, आणि सासूने फुटक्या माठाचा शोध सुरू केला.

पाणी हा विषय आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो एकदा निघाला की पुढे दुसरे काही बोलता येत नाही. चैत्र लागला की नळाचा वार कोणता, हे विचारणे गावात असभ्य समजले जाते. धुण्याचे पाणी केळीला, भाजी धुतल्याचे मोगऱ्याला, कूलरचे उरलेले तुळशीला, अशी रीतसर वाटणी होते. तीत एका भांड्याचा फेरफार झाला, तरी घरात तेढ येते. आळ्यांत पाचट अंथरतात, त्यामुळे ओल दोन दिवस अधिक टिकते, आणि उसाच्या मुलखात पाचटाला तोटा नाही. पण या काटकसरीतही काही झाडे भरभराटीला येतात, आणि आमच्या लिंबाने तर यंदा हद्द केली. नुकतीच अळीने निम्मी पाने खाऊन सोडलेले ते झाड आंबे बहाराने असे पांढरेफेक झाले, की त्याच्या वासाने शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहू लागले.

ऐन या बहराच्या काळात उन्हाळ्याची पाहुणे मंडळी येऊन थडकली. पन्ह्याला कैरी होती, पण सरबताला लिंबू नव्हते. आणि चैत्र-वैशाखात बाजारात लिंबाचा भाव काय असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला आमच्या मनःस्थितीची कल्पना येईल. फुलांनी डवरलेल्या लिंबाखाली बाजा टाकून पाहुणे बसले होते, आणि आम्ही पिशवी घेऊन नाक्यावर लिंबे विकत आणायला निघालो होतो. पेशकारसाहेबांनी कुंपणावरून हा देखावा पाहिला आणि त्यांतील कायदेशीर दोष तत्काळ हेरला. आंबे बहाराची लिंबे ऐन पावसाळ्यात हाती येतात, जेव्हा त्यांना कुत्रे विचारत नाही. उन्हाळ्यात भाव खातात ती हस्त बहाराची, आणि तो धरायचा तर ताण पावसाळ्याच्या अखेरीस द्यावा लागतो. सारांश, आमच्या नळाने ताण दिला खरा, पण चुकीच्या महिन्यात.

“अर्ज करा,” त्यांनी फर्मावले. मसुदाही त्यांनीच सांगितला: सबब विनंती की, अर्जदाराचा नळ मार्गशीर्ष-पौषात बंद ठेवण्याऐवजी तो भाद्रपदात बंद ठेवण्यात यावा, आणि हिवाळ्यात नियमित सोडण्यात यावा. अर्ज तयार आहे, तिकीट लावून झाले आहे. मात्र भाद्रपदात नळ बंद झाला, तरी वरून पाऊस चालूच राहणार, म्हणून अर्जाची एक प्रत माहितीस्तव पावसालाही द्यावी लागेल, आणि ती कोणत्या दफ्तरात आवक करावी, यावर सध्या घोडे अडले आहे.